बालविभागाची किल्ली कुणाकडे?

आपल्यात समीक्षा होते ती कवितेची, कथेची, आत्मकथनाची. अर्जाची समीक्षा कुणी करीत नाही. अर्ज म्हणजे कारकुनी काम, त्यात काय वाचायचं, असं आपण धरून चाललोय. मी म्हणतो, सरकारी पैसा ज्या कागदावर फिरतो तो कागद कवितेपेक्षा बारकाईने वाचला पाहिजे. अर्जातही पात्रं असतात, नायक असतो, आणि काही माणसं मुकी ठेवलेली असतात. ती मुकी माणसं बहुतेक वेळा आपलीच असतात.

म्हणून हा लेख एका अर्जावर आहे. सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने बालविभागासाठी, म्हणजे लहान पोरांच्या पुस्तकांसाठी, अर्थसहाय्य मागायचं ठरवलं. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका वाचनालयाचा नाही. तिथल्या ग्रंथपालांनी मसुदा माझ्या हातात दिला. "तुम्ही लिहिता, जरा नजर घाला," म्हणाले. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रातपाळी करून आलो आणि तो मसुदा तीनदा वाचला.

आधी योजना समजून घ्या. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची संस्था. १९७२ साली निघाली, मुख्य कचेरी कोलकात्याला. तिच्या योजना दोन प्रकारच्या, समान निधी आणि असमान निधी. समान निधीत राज्याचा आणि प्रतिष्ठानचा पैसा एकत्र होतो. असमान निधीत प्रतिष्ठान आपल्या पैशातून देतं. इमारत, ज्ञान कोपरा, महोत्सवी वर्ष, चर्चासत्र अशी त्याची खाती आहेत, आणि त्यातच बाल ग्रंथालय किंवा बाल कोपरा उभारायलाही पैसा मिळतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा, चार प्रतींत, आणि इंग्रजी किंवा हिंदीत.

पहिली गोष्ट इथेच अडते. वाचनालय मराठी, मंडळ मराठी, पुस्तकं मराठी, आणि ज्या पोरांच्या नावाने पैसा मागायचा त्यांच्या आयांना वाचता येत असेल तर तेही मराठीच. पण मागणी होते दुसऱ्या भाषेत. आपल्या लेकराच्या नावावर कुणी काय मागितलं हे त्या आईला कधीच कळत नाही. कोलकात्याच्या साहेबाला मराठी येत नाही, हे मान्य. मग मराठी प्रत वाचनालयाच्या दारावर लावायला कुणाची हरकत आहे? ती कुठेच लावलेली नसते.

आता मसुदा. सुरुवातीलाच ‘समाजातील वंचित व दुर्बल घटकांतील बालके’ येतात. दुसऱ्या परिच्छेदात ‘झोपडपट्टी परिसर’ येतो. तिसऱ्यात ‘कामगार वस्ती’. म्हणजे आपण तीन वेळा आलो. मन भरून यावं असा मान. पण चौथ्या परिच्छेदापासून मागणी सुरू होते, तिथून आपण गायब. तिथे लाकडी कपाटं आहेत, रंगीत खुर्च्या आहेत, गोल टेबल आहे, भिंतीवर चित्रं आहेत, पुस्तकांची यादी आहे. वंचित बालक या खुर्चीपर्यंत कसं येणार यावर एक ओळ नाही. बालक फक्त पैसा मागताना लागतं, पैसा आल्यावर लागत नाही. साहित्यात आपण याला काय म्हणतो? सहानुभूतीचं साहित्य म्हणतो. गरिबाचं दुःख घेऊन पुढे जायचं आणि गरिबाला मागे सोडायचं. कथेत हे दिसलं की आपण तुटून पडतो. अर्जातही तेच आहे.

या वाचनालयात सभासद व्हायला काय लागतं ते आता सांगतो. वर्गणी लागते, ती थोडी आहे. अनामत लागते, ती जास्त आहे. आणि एका जुन्या सभासदाची ओळखीची सही लागते. माझ्या बहिणीची पोरगी पाचवीत आहे. बहीण विड्या वळते. पोरगी मैत्रिणीबरोबर गेली, एक पुस्तक बघून ठेवलं, आणि टेबलावरच्या बाईंनी फॉर्म दिला. अनामतीचं बहीण म्हणाली, बघू, हप्ता झाला की देऊ. पण सही कुणाची आणायची? आमच्या वस्तीत त्या वाचनालयाचा एकही सभासद नाही. सभासद नाही म्हणून सही नाही, सही नाही म्हणून सभासद नाही. पोरीला कुणी जात विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. फॉर्मच ते काम करीत होता.

तुम्ही म्हणाल, पुस्तकं हरवतात, अनामत नको तर काय? हा प्रश्न खरा आहे, टाळू नका. पण त्याआधी एक आठवा. भीमरावाला पुस्तक पाहिजे असलं की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, सावकाराकडे गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. ती त्या घराची अनामत होती. तो काळ आपण अभिमानाने सांगतो, सांगितलाच पाहिजे. पण इतक्या वर्षांनंतर सरकारी पैशावर चालणाऱ्या वाचनालयात लेकीचा दागिना पुन्हा मोडावा लागत असेल तर त्यात अभिमान कसला? पुस्तक हरवेल म्हणून पोरगं बाहेर ठेवायचं, हा हिशेब पुस्तकाच्या बाजूने आहे, पोराच्या नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम वापराचा आहे. वापरलेलं पुस्तक फाटणार, काही हरवणारही. कपाटात कोरं राहिलेलं पुस्तक हे त्याहून मोठं नुकसान आहे, पण ते कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही.

आमच्या गिरणीत चात्या किती बसवल्या यावर कुणी खूश होत नाही. सूत किती निघालं ते विचारतात. ग्रंथालयाच्या बाबतीत उलटं आहे. कपाटं मोजतात, पुस्तकं मोजतात, शिक्के बघतात. पोरांच्या हातात किती गेलं हे अर्जाच्या मधोमध यायला पाहिजे, ते कोपऱ्यात असतं. २०१२ साली महसूल खात्याने राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी केली तेव्हा कितीतरी ग्रंथालयं नुसती कागदावर सापडली. लोकांनी चोर चोर म्हणून ओरड केली. चोर होतेच. पण ज्या पद्धतीत कपाट दाखवलं की पैसा मिळतो, तिथे चोराला किल्ली आपणच करून देतो. आणि त्या चोरांपायी जी वाचनालयं खरोखर चालत होती त्यांनाही संशयाने बघितलं गेलं.

आता कायद्याकडे या. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवला. महाराष्ट्राने कर बसवला नाही. राज्याने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान पंचवीस लाख रुपये घालायचे, असं कायद्यात लिहिलं. गावोगावची वाचनालयं सरकारने स्वतः काढली नाहीत. मंडळांनी काढायची, सरकारने अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचं. यातून वाचनालयं पुष्कळ झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किल्ली राहिली मंडळाकडे. मंडळ म्हणजे गावातले जुने वजनदार लोक. पैसा सगळ्यांचा, पाटी ‘सार्वजनिक’ अशी, आणि आत कुणी यायचं ते ठरवणारे दहाबारा जण.

‘सार्वजनिक’ या शब्दासाठी आपली माणसं मार खाऊन आलेली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या, सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता. पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि ते प्यायल्यावर डोकी फुटली. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असतं ते कुणी आपोआप मिटवत नाही.

पुढे संविधान झालं. त्यातलं पंधरावं कलम आपण सभेत सांगतो, पण त्याचा दुसरा भाग नीट वाचत नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतःसुद्धा राज्याच्या पैशावर चालतात, तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. ‘अंशतः’ हा शब्द पकडून ठेवा. अनुदानाचा एक रुपया वाचनालयात पडला की ते मंडळाच्या घरचं राहत नाही. आता मंडळ म्हणेल, आम्ही जात कुठे विचारतो? बरोबर. म्हणून आपण त्यांना कोर्टाची भीती घालायला जायचं नाही. आपण एवढंच विचारायचं की तुमच्या नियमाने बाहेर कोण राहतं? फॉर्ममध्ये जात नसली तरी बाहेर राहिलेली पोरं एकाच वस्तीतली का असतात?

हे झालं दाराचं. आता आतल्या पुस्तकांचं बोलू, कारण समीक्षा शेवटी तिथेच यायला पाहिजे.

मसुद्याला जोडलेली यादी मी वाचली. रामायणातल्या, महाभारतातल्या गोष्टी आहेत. पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल, परीकथा आहेत. थोरांची चरित्रं आहेत, त्यात बाबासाहेबांचं एक, फुल्यांचं एक, बारीक पानांची. इंग्रजी शिकवणारी पुस्तकं आहेत. मी पंचतंत्राच्या विरुद्ध नाही. कोल्हा आणि करकोचा आमच्या पोरांनाही आवडतात. प्रश्न असा की या यादीत पोरगं घरी कुठे राहतं? त्याचे आईबाप काय काम करतात? सगळ्या यादीत आई स्वयंपाकघरात आहे आणि बाबा ऑफिसात. विड्या वळणारी आई नाही. यंत्रमागावरचा बाप नाही. घरी तेलुगू किंवा कानडी बोलून शाळेत मराठी शिकणारं पोरगं नाही, आणि सोलापुरात अशी पोरं गल्लीगल्लीत आहेत. बाबासाहेब आहेत, पण ते थोर होऊन आलेले. भिंतीवरच्या फोटोसारखे. पोरानं हात जोडावेत एवढंच त्या पुस्तकात आहे.

पण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली एक हकीकत आहे. १९०१ साल. सुट्टीत भावंडं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनात उतरली. नवे कपडे घातलेले, खुशीत. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाला तयार होईना, आणि रात्रभर बरोबर जेवण असून पाणी मिळालं नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराची ही गोष्ट आहे. भावंडं आहेत, प्रवास आहे, भीती आहे, तहान आहे. पोरांच्या पुस्तकाला याहून काय पाहिजे? ती आपण मोठ्यांच्या कपाटात ठेवली.

आणि हे फक्त त्यांनी केलं नाही, आपणही केलं. ‘बलुतं’ १९७८ चं, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९, ‘उपरा’ १९८०, ‘अक्करमाशी’ १९८४. या पुस्तकांचं काळीज लहानपणात आहे. भूक, शाळा, मास्तर, आजी, पहिला अपमान, पहिली पाटी. आपलं साहित्य पोरांच्या डोळ्यांनी बघत उभं राहिलं आणि पोरांसाठी मात्र फार थोडं लिहिलं गेलं. आपले कवी अजून मोठ्यांच्या सभेतच कविता म्हणतात. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध छापला गेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, वय चौदा. मांग-महारांच्या दुःखावर लिहिणारी आपली पहिली लेखिका शाळकरी पोर होती. त्याच शाळांतल्या एका मुलीची आठवण सांगतात की बक्षीस घेताना तिने पाहुण्यांना सांगितलं, खेळणी-खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या. ही आठवण आपण स्टेजवर सांगतो आणि टाळी घेतो. तिची मागणी अजून पुरी करायची आहे, हे सांगायला विसरतो.

दुसरीकडे कामं झाली आहेत, ती बघा. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने २००८ साली दलित आणि अल्पसंख्य घरांतल्या पोरांच्या गोष्टींची मालिका काढली, तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत. कांचा इलैया यांनी कष्टकरी जातींच्या श्रमावर मुलांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते २००७ साली आलं, चित्रं दुर्गाबाई व्याम यांची. २०११ साली ‘भीमायन’ आलं. त्यात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची तहान, तो प्रवास चित्रांत आणला. म्हणजे हे होतं. सोलापुरातल्या तेलुगू पोरांना त्यातलं काही त्यांच्या घरच्या भाषेत वाचता येईल. यादी करणाऱ्यांना हे माहीत नसेल तर त्यांना सांगणारं माणूस यादी होण्याआधी तिथे पाहिजे. यादी झाल्यावर केलेली टीका फक्त आपल्याच मासिकात छापून येते.

काही मित्र म्हणतात, कशाला त्यांच्या दारात जायचं, विहारात आपली लायब्ररी काढू. काढाच. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला निघाली तेव्हा तिच्या उद्देशातच वसतिगृहांबरोबर वाचनालयं आणि अभ्यासवर्ग होते. तिचं पहिलं वसतिगृह १९२५ च्या जानेवारीत आमच्या सोलापुरात निघालं. हा आपला वारसा आहे. पण विहारातली लायब्ररी काढली म्हणून सार्वजनिक पैशावरचा हक्क सोडायचा नाही. बाबासाहेबांनी वसतिगृह काढलं आणि दोन वर्षांत चवदार तळ्यावरही गेले. आपली विहीर खणली म्हणून तळं सोडलं नाही.

आणि नुसतं फुकट झालं म्हणजेही सगळं झालं असं नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० पासून फुकट वाचनालयांची योजना चालवली. अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन आणला, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत धाडल्या. हिंदुस्थानात त्या काळी असं काम दुसरीकडे नव्हतं. बाबासाहेबांना अमेरिकेला जायला शिष्यवृत्तीही त्याच दरबाराने दिली. पण १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. गावोगाव पुस्तक पोचलं होतं आणि सगळ्यांत जास्त वाचलेल्या माणसाला त्या शहरात खोली नव्हती. म्हणून पुस्तक पोचवताना कोण कुणाशेजारी बसून वाचतं हेही बघावं लागतं. गोल टेबल मागितलंय ना? मग त्या टेबलाभोवती कोण बसणार ते लिहा.

ग्रंथपालांवर राग काढू नका. अनुदानात त्यांच्या पगाराला येतं ते इतकं तुटपुंजं असतं की आमच्या गिरणीतला बदली कामगार बरा. हप्ता उशिरा आला की घर उधारीवर. नियम त्यांनी केलेले नाहीत, आणि हा मसुदा त्यांनी दाखवला नसता तर हा लेखही झाला नसता.

मी त्यांना तीन ओळी लिहून दिल्या. एक, चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत नाही आणि सभासदाची सही नाही, शाळेच्या मास्तरांची किंवा अंगणवाडीताईंची ओळख पुरे. दोन, आठवड्यातून एक दिवस पुस्तकांची पेटी कामगार वस्तीत जाईल. तीन, यादीत कष्टकरी घरांतल्या पोरांची पुस्तकं असतील आणि ती निवडायला वस्तीतली दोन माणसं बसतील. मंडळाने तिसरी ओळ घेतली. दुसरीवर ‘मनुष्यबळ नाही’ असा शेरा मारला. पहिली वार्षिक सभेवर ढकलली. वार्षिक सभेत मत सभासदाला असतं. आमच्या वस्तीत सभासद नाही. हे कोडं सोडवायला आम्ही वस्तीतल्या वीस घरांची वर्गणी आणि अनामत जमवतोय, आणि सह्यांसाठी जुन्या सभासदांत कोण तयार होतो ते बघतोय. दोघांनी होकार दिला आहे.

तुमच्या गावातलं वाचनालय पोरांच्या नावाने पैसा मागणार असेल तर मसुदा मागा. दिला नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, २००५ पासून तो कायदा त्यासाठीच आहे. मसुद्यात आपण कुठे येतो आणि कुठून गायब होतो ते खूण करून ठेवा. मग देवघेवीची नोंदवही उघडायला लावा. कपाट बघू नका, नोंदवही बघा. गेल्या महिन्यात कुठल्या वस्तीतल्या पोरानं कुठलं पुस्तक नेलं ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्या वस्तीचं नाव त्यात नसेल तर काम कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळलंच.